सेल बदलावा की घड्याळ इंटरनेटवर सोडावं?

घरच्या डेस्कटॉपचं घड्याळ रोज चुकायला लागलं की सल्ले दोनच मिळतात. एक, कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा बटण सेल संपलाय, नवा टाका. दुसरा, कॅबिनेट कशाला उघडता, नेट लागलं की वेळ आपोआप जुळते. मी दोन्ही करून पाहिलंय आणि दोन्हींत तथ्य आहे. माझं पारडं कुठल्या बाजूला झुकतं ते पुढे दिसेलच, पण तुमच्या घरची रीत वेगळी असेल तर तुमचा निर्णय उलटा असू शकतो, आणि तो चुकीचा असेल असंही नाही.

निवड करायच्या आधी घड्याळ नेमकं किती चुकतंय ते बघा. बऱ्याचदा दोष सेलचाही नसतो आणि इंटरनेटचाही नसतो.

तारीख बरोबर आणि फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर तुमच्या मशीनवर बहुतेक विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदतायत. विंडोज बोर्डवरच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तिथे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहितं, आणि नंतर सुरू होणारा आधीच्याचं लिखाण आपल्या पद्धतीने वाचतो. दोघांपैकी एकाला वळवावं लागतं. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल ही आज्ञा वापरून बोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवणं मला सोपं वाटलं. त्यावर लिनक्स उन्हाळी वेळेच्या नावाने बरंच दटावतं. आपल्याकडे वर्षातून दोनदा घड्याळं पुढे-मागे करायची भानगडच नाही, तेव्हा ते ऐकून घ्यावं आणि कामाला लागावं. जाणकार मंडळी उलटं, म्हणजे विंडोजलाच यूटीसीवर आणायला सांगतात. त्यांचं तत्त्वतः बरोबर आहे, पण त्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, हात घालावा लागतो.

घड्याळ साडेतेरा तास मागे असेल (तिकडे उन्हाळी वेळ चालू असताना साडेबारा), तर टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिलाय. विंडोज नव्याने टाकताना कुणीतरी देश न बदलताच पुढे-पुढे दाबत गेलेलं असतं. यादीतून ‘यूटीसी अधिक ५:३०, चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ निवडा. त्यात पुणं नाही, ते आपण मोठ्या मनाने घेऊ. झोन आपोआप ठरवण्याचं बटण मात्र मी बंदच ठेवतो. ते लोकेशनच्या अंदाजावर चालतं, आणि माझा डेस्कटॉप कर्वेनगर सोडून कुठे जात नाही.

एक प्रकार फार जण करतात, तेवढा टाळा. झोन चुकीचा तसाच ठेवायचा आणि वेळ हाताने बरोबर करायची. कोपऱ्यातलं घड्याळ छान दिसतं, पण आतला यूटीसीचा हिशेब बिघडतो. मेलवर भलतीच वेळ पडते, कॅलेंडरमधल्या मीटिंगा सरकतात आणि सिंक झालं, म्हणजे नेटवरून वेळ जुळली, रे जुळली की घड्याळ पुन्हा चुकतं. आधी झोन, मग तारीख, शेवटी सिंक, हा क्रम सोडू नका.

हे सगळं ठीक असूनही कॉम्प्युटर चालू केल्यावर तारीख थेट काही वर्षं मागे गेलेली असेल, तर प्रश्न खरा आपला. माझा बोर्ड १ जानेवारी २०१२ ला जाऊन बसायचा.

इंटरनेटच्या बाजूने आधी बोलू, कारण मी बराच काळ त्याच पक्षात होतो. खर्च शून्य, पेचकस नको, आणि वेळ अशी जुळते की घरातल्या कुठल्याही घड्याळापेक्षा बरोबर. एनटीपी ही नेटवरून वेळ जुळवायची पद्धत १९८५ पासून चालत आलीय आणि आजही हे काम मुख्यतः तीच करते. भारताची अधिकृत वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते, आणि हौस असेल तर विंडोजच्या ठरलेल्या सर्व्हरऐवजी तिचा सर्व्हर घालता येतो. घरच्या वापरात मला फरक जाणवला नाही. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर तर चौथ्या पिढीपर्यंत बोर्डवर घड्याळाशिवायच विकला गेला आणि नेटच्या वेळेवर त्याचं बरं चाललं. लिनक्सवाल्यांना आणखी एक सोय असते. बहुतेक प्रचलित लिनक्स शेवटची माहीत असलेली वेळ फाइलमध्ये जपून ठेवतात आणि चालू होताना निदान तिच्या मागे जात नाहीत. तुमच्या घरी फक्त लिनक्स असेल, तर इंटरनेटचं पारडं बरंच जड आहे हे मान्य करतो.

विंडोजवर गाडी इथेच अडते. घरगुती, म्हणजे कुठल्याही ऑफिसच्या डोमेनला न जोडलेल्या विंडोजमध्ये सिंकला ठरावीक मर्यादा आहे. फरक ५४,००० सेकंदांहून, म्हणजे १५ तासांहून जास्त असला तर ते वेळ बदलायला तयार होत नाही. उद्देश चांगला आहे, कुणी खोटी वेळ पाठवून तुमचं घड्याळ वर्षभर मागे नेऊ नये. पण घड्याळ आधीच २०१२ मध्ये असेल तर हाच पहारेकरी खऱ्या वेळेलाही दारातून परत पाठवतो. ‘सिंक नाऊ’ दाबत बसून उपयोग नाही. आधी हाताने आजची तारीख आणि साधारण वेळ घालायची, मग दाबायचं, की लगेच जुळतं. नवीन विंडोजमध्ये यावर काही आडवाटा आहेत म्हणे, पण माझ्या मशीनवर भरवशाचं एवढंच ठरलं.

तोवर ब्राउझर रुसलेला असतो. ‘युवर क्लॉक इज बिहाइंड’ म्हणून क्रोम बँकेची साइट उघडत नाही, कारण २०१२ च्या हिशेबाने बँकेचं सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा मुदतीचा दाखला, अजून जन्मालाच आलेलं नाही. हा त्रास पुढे वाढणार आहे. सर्टिफिकेटांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून मार्च २०२६ पासून २०० दिवस आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस, अशी टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलंय. म्हणजे तारीख दोन-तीन महिन्यांनी चुकली तरी साइट अडायला लागतील. माझी बायको घरून जीएसटीची कामं करते. तिच्या डिजिटल सहीचं तसंच आहे. सही करताना वेळ याच कॉम्प्युटरच्या घड्याळातून उचलली जाते, त्यामुळे पीडीएफवर सही करायच्या आधी कोपऱ्यातली तारीख बघायची तिला सवयच लागली होती.

तरीही हे सगळं मी चालवून घेतलं असतं. दोन मिनिटांचं काम, तारीख घाला, सिंक करा. माझा निर्णय फिरला तो एफ-वनने.

सेल संपला की जुने बोर्ड विंडोजपर्यंत पोचतच नाहीत. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘सीमॉस चेकसम बॅड’ किंवा ‘डेट अँड टाइम नॉट सेट’ असं काहीतरी येतं, खाली ‘प्रेस एफ-वन’, आणि कुणीतरी दाबेपर्यंत मशीन ढिम्म हलत नाही. मी घरी असलो तर काही नाही. पण दुपारी कॉम्प्युटर वापरतात बाबा. त्यांचा फोन यायचा, “अरे, परत तो काळा पडदा आलाय. मागच्या वेळी काय दाबलं होतं?” “बाबा, एफ-वन दाबा. वरच्या रांगेत डावीकडे.” “दाबलं. आता निळा आला. यात बरंच काय काय लिहिलंय, काही बिघडणार नाही ना?” मग ऑफिसच्या मीटिंगमधून बाहेर येऊन त्यांना बायॉसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमधून, बाहेर काढायचं. म्हणजे एस्केप, नंतर बाण, नंतर एंटर. ‘सेव्ह’ म्हणायचं की ‘डिस्कार्ड’ यावर दोघांची चर्चा.

तुम्ही म्हणाल, बायॉसमध्ये ‘वेट फॉर एफ-वन’ नावाची सोय असते, ती बंद करून टाका. मीही तेच केलं. पण जुन्या बोर्डांत ती सेटिंग राहते कुठे, तर त्याच सीमॉस मेमरीत, जिला हा सेल जागं ठेवतो. रात्री भिंतीवरचं बटण बंद झालं की ती सेटिंगही पुसली जाते आणि सकाळी एफ-वन हजर. नव्या बोर्डांत सेटिंग्ज फ्लॅशमध्ये राहतात आणि बिचारं घड्याळ तेवढं जातं. तुमचा बोर्ड तसला असेल तर माझा हा सगळा वैताग तुम्हाला लागू नाही, आणि इंटरनेटवर सोडलेलंही चालून जाईल.

भिंतीवरच्या बटणाचंही थोडं सांगतो. वायर लावलेली आणि बटण चालू असेल, तर कॉम्प्युटर बंद असतानाही पॉवर सप्लायमधून थोडी वीज बोर्डला मिळत राहते आणि सेल खर्ची पडत नाही. आमच्याकडे रात्री सगळी बटणं बंद करायचा दंडक आहे, वर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाणार हे कुठल्याही पुणेकराला पाठ असतं. असं वर्षानुवर्षं चाललं की सगळा भार सेलवर येतो. यूपीएसवर मशीन कायम चालू ठेवणाऱ्या माझ्या एका मित्राचा मूळ सेल अजून शाबूत आहे. मी काही मीटर लावून मोजलेलं नाही, पण आमच्या दोन घरांतला फरक मला पुरेसा वाटतो.

आता सेलची बाजू. लागतो सीआर२०३२, तीन व्होल्टचा, २० मिलिमीटर रुंद. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळतो, पण वर्षानुवर्षं खोक्यात पडून राहिलेला सेल आणून काय मिळवलं? मी तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो. आता मेट्रोने मंडईला उतरून चालत जाता येतं, त्यामुळे बुधवार पेठेत गाडी लावायची डोकेदुखी उरली नाही. पॅकबंद घ्या आणि त्यावरची मुदत वाचा. दुकानदाराने “२०३२ नाहीये, २०२५ न्या, चालतो तोच,” असं सुचवलं तर नम्रपणे नको म्हणा. २०२५ हा अडीच मिलिमीटर जाड असतो आणि २०३२ असतो ३.२. व्होल्टेज तेच, पण खाचेत ढिला बसतो आणि महिन्याभराने घड्याळ पुन्हा नखरे करतं. पैशाचं म्हणाल तर दोघांच्या चहा-वड्यापेक्षा जास्त नाही.

बदलायच्या आधी दोन गोष्टी करा. बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आणि बूटचा क्रम (मशीन कुठल्या डिस्कवरून आधी चालू व्हायचं तो). सेल काढल्यावर मोड एएचसीआयवरून आयडीईवर गेला तर विंडोज चालू होत नाही आणि माणसाला वाटतं डिस्कच गेली. दुसरं, डिस्क कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. बायॉस बदललाय असं वाटून विंडोज ती मागू शकतं, आणि नेमकी तेव्हा ती त्याच मशीनमध्ये अडकलेली असते.

मग वायर काढा, बंद मशीनचं पॉवर बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या आणि बाजूचं झाकण काढा. सेल बहुतेक खाली, ग्राफिक्स कार्डाच्या आडोशाला असतो. कडेची पत्र्याची जीभ नखाने बाहेर ढकलली की सेल टुणकन वर येतो. पेचकसाने उचकटू नका, खालचा बोर्ड ओरखडतो. नवा बसवताना अधिकची खूण आणि अक्षरं वर. धूळ दिसेलच, हात लागलाय तर ब्रशने झटकून घ्या. झाकण लावा, बायॉसमध्ये तारीख-वेळ घाला, फोटो बघून बाकीचं जुळवा. जुना सेल टेबलावर ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही, कारण गिळलेला बटण सेल दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकतो. लगेच चिकटपट्टीत गुंडाळा आणि ई-कचऱ्यात द्या.

बाबांचे दुपारचे फोन थांबले. म्हणजे फोन येतात, पण दुसऱ्या विषयांवर. सिंक मी बंद केलेलं नाही. सेलवरचं घड्याळही महिन्याकाठी थोडं इकडे-तिकडे होतंच, तेवढं नेट सावरून घेतं आणि १५ तासांची मर्यादा आता आडवी येत नाही.

लॅपटॉपवाल्यांना मात्र मी एवढ्या ठामपणे सांगणार नाही. काहींत सेल दोन वायरींनिशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असतो, काहींत वेगळा सेलच नसतो आणि घड्याळ मुख्य बॅटरीवर चालतं. तिथे आधी चार्जर लावून काही तास ठेवा, तारीख घाला, सिंक करा. एवढ्याने भागलं तर मागचं झाकण उघडायच्या फंदात पडू नका. नाहीच भागलं आणि दुरुस्तीवाल्याकडे न्यायची वेळ आली, तर त्याने सांगितलेल्या पैशात सेल किती आणि उघडायची मजुरी किती, हे काउंटरवरच विचारून घ्या.