ताडोबाच्या सफारीत गाडीपेक्षा गाईड महत्त्वाचा

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात मोहर्ली प्रवेशद्वारातून घेतलेल्या सकाळच्या सफारीविषयी हे परीक्षण आहे. या सफारीबद्दल लोक जे लिहितात त्यातले बहुतेक सारे वाघ दिसला की नाही या एका प्रश्नाभोवती फिरते. वाघ दिसला तर सगळे उत्तम आणि नाही दिसला तर पैसे पाण्यात, असा तो हिशेब असतो. मला हे मोजमाप मुळातच चुकीचे वाटते. वाघ दाखवणे कोणाच्याच हातात नाही. जंगल वाचून दाखवणे मात्र गाईडच्या हातात असते, आणि या सेवेची प्रत त्यावरूनच ठरवायला हवी.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगतो. नोंदणी ऑनलाइन करावी लागते, नोंदणीवेळी दिलेलेच ओळखपत्र प्रवेशद्वारावर दाखवावे लागते, एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात आणि मंगळवारी गाभा क्षेत्र, म्हणजे प्रकल्पाचा आतला भाग, बंद असतो. पावसाळ्यात १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंतही तो बंद राहतो. आत मोबाईल नेण्यास बंदी आहे. या नियमावर पुष्कळ पर्यटक नाराज होतात, पण मला तो इथला सर्वांत शहाणा नियम वाटतो, कारण त्यामुळे वाघाचा ठावठिकाणा गाडीगाडीत फोनवरून पसरत नाही आणि गाडीतली माणसे निदान चार तास बाहेर पाहतात.

आमच्यासोबत आलेल्या गाईड ताई जवळच्याच गावच्या होत्या. मोहर्लीला महिला गाईड आहेत, आणि शक्य असेल तेव्हा त्यांच्यासोबत जाण्याची संधी घ्यावी, असे मी आवर्जून सांगेन. आत शिरल्यावर थोड्याच वेळात त्यांनी गाडी थांबवून धुळीतला पंजा दाखवला. बोटांचे ठसे लांबट होते, म्हणजे ती मादी; नराच्या पंजाचा ठसा बराचसा चौकोनी भासतो. आमच्यापुढे एकच जिप्सी गेली होती आणि पंजा नेमका तिच्या चाकाच्या ताज्या खुणेवर उमटला होता. म्हणजे ती गाडी गेल्यानंतर आणि आम्ही पोहोचण्याआधी वाघीण रस्ता ओलांडून बांबूत गेली होती. एवढा निष्कर्ष त्यांनी वाकून पाहता पाहता काढला, आणि तो कसा काढला हेही समजावून सांगितले.

थोडे पुढे गेल्यावर त्या चालकाला म्हणाल्या, "भाऊ, गाडी बंद करा, सांबर बोलून राहिलं." चितळ आणि वानरे पुष्कळदा थोड्याशा हालचालीनेही ओरडतात, सांबर मात्र शिकारी प्राण्याची खात्री पटल्याखेरीज सहसा सारखे ओरडत नाही, म्हणून त्याच्या आवाजावर गाईड अधिक विश्वास ठेवतात. आम्ही बराच वेळ थांबलो. आवाज हळूहळू डोंगराच्या अंगाला सरकत गेला आणि बंद झाला. वाघीण दिसली नाही, पण ती कोणत्या बाजूने चालली आहे हे आम्ही कानांनी ऐकत होतो. त्या थांबण्यात ऐनाच्या झाडाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, त्याच सालीवरचे अस्वलाच्या नखांचे ओरखडे आणि मोहाखाली सकाळीच फुले खायला आलेली चितळे असे किती तरी पाहायला मिळाले. पुढे रानकुत्र्यांची टोळी रस्त्याच्या कडेने निवांत जाताना दिसली. हा प्राणी जगात किती थोड्या जागी उरला आहे हे लक्षात घेतले, तर तेवढ्यासाठीही पहाटे उठणे सार्थकी लागले असे म्हणता येते.

ताडोबा तलावावर गाडी थोडा वेळ थांबते. तलावात मगरी आहेत आणि काठावर गोंड समाजाच्या तारू या दैवताचे ठाणे आहे. वाघाशी झालेल्या झुंजीत मरण पावलेला गावप्रमुख म्हणजे हा तारू, अशी आख्यायिका आहे, आणि जंगलाला नावही त्याच्यावरूनच मिळाले. पौष महिन्यात आदिवासी भाविक इथे दर्शनाला येतात. गाईडने हे सांगितले नाही तर पर्यटकाला हा केवळ फोटोचा थांबा वाटतो, म्हणून ते सांगितले जाणे आवश्यक आहे. १९५५ मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. परंतु या जंगलात माणसांचा वावर त्याच्या फार आधीपासून होता. बोटेझरी, नवेगाव, जामणी या गावांनी आपली घरे आणि शेते सोडली तेव्हा कुठे त्या जागी गवत वाढले. आज तिथल्या कुरणांवर चितळांचे कळप चरतात आणि त्यांच्या मागे वाघ येतात. ते कुरण पाहताना ते कोणाच्या शेतावर उगवले आहे, याची जाणीव ठेवायलाच हवी.

म्हणूनच सफारीचे शुल्क महाग आहे या तक्रारीशी मी अर्धाच सहमत आहे. जिल्ह्यातल्या सामान्य कुटुंबाला ते परवडत नाही हे खरे आहे आणि त्यांच्यासाठी वेगळी सोय व्हायला हवी. पण गाईड, चालक आणि प्रवेशद्वारावर काम करणारी बरीचशी माणसे सीमेवरच्या गावांतली आहेत. हीच गावे मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करताना वाघाच्या हल्ल्यात माणसे गमावतात. जे जंगलाजवळ राहण्याची किंमत मोजतात त्यांच्या घरात पर्यटनाचा पैसा गेला, तरच वाघ त्यांनाही हवासा वाटेल.

आता खटकलेल्या गोष्टी. दुपारच्या फेरीत एका पाणवठ्यावर वाघ असल्याचे कळताच काही चालकांनी गाड्या एकमेकांच्या पुढे दामटल्या, आणि त्यातले पर्यटक त्यांना थांबवण्याऐवजी आणखी पुढे घ्यायला सांगत होते. वाघ पाणी न पिताच उठून गेला. उन्हाळ्यात त्या पाण्याची त्याला किती गरज असते हे सांगायला नको. हा प्रश्न एकट्या ताडोबाचा नाही: २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गाड्यांनी वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातील जास्तीत जास्त वीस टक्के क्षेत्रच पर्यटनासाठी खुले ठेवावे, अशी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१२ मध्ये आली. पण त्या वीस टक्क्यांत गाड्या कशा चालतात यावरही तितकेच कठोर लक्ष हवे. आम्ही उतरलो त्या निवासात रात्री उशिरापर्यंत ध्वनिवर्धक चालू होता, हेही इथे नोंदवतो. जंगलाच्या कुशीतले निवास अशी जाहिरात करणाऱ्यांना हे शोभत नाही.

प्रथमच जाणाऱ्यांनी सगळ्या फेऱ्या गाभा क्षेत्रातच घेण्याचा हट्ट धरू नये. एकूण सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरपैकी ११०० चौरस किलोमीटरच्या आसपास बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा, आहे. देवाडा, जुनोना, आगरझरी या बाजूंच्या फेऱ्यांत वाघ, बिबट्या आणि अस्वल यांचा वावर गावशिवारालगत कसा असतो हे दिसते, आणि आगरझरीला फुलपाखरांचे उद्यानही आहे. वाघ दिसण्याची शक्यता अधिक हवी असेल तर एप्रिल-मे निवडावा, मात्र उन्हाची तयारी ठेवावी. हिरवे जंगल आणि पक्षी पाहायचे असतील तर हिवाळा बरा. आणि गाडी सुटण्यापूर्वीच गाईडला सांगावे की वाघामागे धावायचे नाही, वाटेत थांबत, ऐकत जायचे आहे. आमच्या ताईंना हे सांगितल्यावर त्यांनी चालकाला नेहमीचा रस्ता सोडून अंधारी नदीच्या बाजूने गाडी घ्यायला लावली.