स्क्रीनवरच्या नंबरला फोन केला आणि ६३,४९९ रुपये गेले

अमळनेरला आमचं छोटं कृषी केंद्र आहे, बियाणं, खतं, औषधं, आणि सगळा हिशोब घरच्या कॉम्प्युटरवर. टॅली, गावोगावच्या शेतकऱ्यांची उधारी, कंपन्यांची बिलं, सगळं त्यातच. कॉम्प्युटर विंडोज १० वाला, काही कुरकुर नव्हती त्याची. पण दिवाळीच्या तोंडावर बातमी वाचली की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट बंद झाले, तेव्हापासून डोक्यात एकच, की आता हा उघडा पडला, कोणी आत घुसलं तर बँकेपासून उधारीपर्यंत सगळं जाईल. म्हणून एका दुपारी हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी ओसरल्यावर घरी येऊन बसलो, चांगला अँटिव्हायरस आणि फायरवॉल (नेटवरून कोणी आत घुसू नये म्हणून असतो तो पहारेकरी) कोणता घ्यावा ते शोधायला.

सर्चमधे सगळ्यात वर जे आलं ते दाबलं. ती जाहिरात होती, बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, मी पाहिलं नाही. पान उघडलं, 'अलाउ' दाबा असं आलं, ते पण दाबलं. दोनच मिनिटात अख्खी स्क्रीन निळी, वर लाल पट्टी, जोरजोरात बीप बीप आणि एक बाई इंग्रजीत बोलतेय की तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, बंद करू नका नाहीतर डेटा उडेल, ताबडतोब ह्या नंबरवर फोन करा. आवाज इतका की आई सैपाकघरातून धावत आली, "काय व्हयनं रे भाऊ?" माऊस हलेना, क्रॉसचं बटण कुठे दिसेना. नंबर समोर होता, लावला.

हिंदीत बोलणारा माणूस, अतिशय नम्र, दर वाक्याला सर. म्हणे मी कंपनीचा टेक्निशियन, घाबरू नका, आधी एनीडेस्क टाका (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप) आणि त्यातला नंबर सांगा. सांगितला. मग त्याने माझ्या डोळ्यासमोर इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक खिडकी उघडली, त्यात लाल गोल आणि पिवळे त्रिकोण, खाली खाली सरकवत गेला, शेकडो ओळी. "सर, ये सब वायरस का अटॅक है." मग काळी खिडकी उघडून काहीतरी टाईप केलं, तिथे 'फॉरिन ॲड्रेस' असं आलं, म्हणे बघा, परदेशातून लोक आत्ता तुमच्या कॉम्प्युटरला जोडलेले आहेत. शेवटी विंडोजच्या सिक्युरिटीच्या पानावर गेला आणि फायरवॉलपुढे लाल फुली दाखवली, "आपका फायरवॉल एक्सपायर हो चुका है". ती फुली पाहून माझे हातपाय गार पडले.

आता हे नीट वाचा. नंतर आमच्या मावसभावाने, तो पुण्याला नेटवर्किंगचं काम करतो, त्याच्या महिन्याभरापूर्वी घेतलेल्या कोऱ्या लॅपटॉपवर तीच खिडकी उघडून दाखवली. तिथेही लाल गोल, तिथेही पिवळे त्रिकोण. विंडोज प्रत्येक बारीकसारीक अडखळणं तिथे लिहून ठेवतं, प्रिंटर उशिरा सुरू झाला तरी लिहितं, त्याचा व्हायरसशी काही संबंध नाही. फॉरिन ॲड्रेस म्हणजे फक्त समोरच्या टोकाचा पत्ता, कुठलीही वेबसाईट उघडली की तो दिसणारच. आणि फायरवॉल एक्सपायर होत नाही, तो विंडोजबरोबर फुकट येतो, २००४ मधे एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून आपोआप चालूच असतो. ती लाल फुली त्यानेच एनीडेस्कवरून स्विच बंद करून आणली होती. माझ्या समोर. मी बघत होतो आणि मला कळलं नाही.

त्याने पाच वर्षाचा 'नेटवर्क फायरवॉल आणि अँटिव्हायरस' १४,९९९ ला सांगितला. अण्णांना विचारायला हवं होतं, ते दुकानावर होते, फोन चालूच होता आणि तो म्हणे कट करू नका, सर्व्हर तुटेल. नेटबँकिंगने भरले. लगेच स्क्रीन काळी झाली, टक्के फिरायला लागले, इन्स्टॉल होतंय म्हणे. मग म्हणाला पहिलं पेमेंट अडकलंय, परत ओटीपी येईल तो सांगा, अडकलेले पैसे परत येतील. सांगितला. त्या ओटीपीच्या मेसेजमधे ४८,५०० असं स्वच्छ लिहिलेलं होतं, मी फक्त सहा आकडे वाचले, वरची ओळ वाचली नाही. काळ्या स्क्रीनच्या मागे तो माझ्याच बँकेच्या खात्यात बसलेला होता. हे पैसे बियाण्याच्या कंपनीला द्यायचे होते.

रात्री अण्णांनी पासबुकाचं ॲप बघितलं तेव्हा समजलं. लगेच १९३० ला फोन लावला, हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, ते व्यवहाराचा नंबर, बँक, वेळ विचारतात आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे थांबवायचा प्रयत्न करतात. पण पाच-सहा तास होऊन गेले होते, पैसे पुढे दोन-तीन खात्यात फिरले होते. ११,२०० तेवढे कुठेतरी होल्ड झालेत, बाकीचे गेले. जळगावला सायबर पोलिसांकडे दोन चकरा झाल्या, होल्डचे पैसे कोर्टाच्या आदेशाने मिळतील म्हणाले. बँकेने सांगितलं ओटीपी तुम्ही स्वतः दिला, म्हणून कळवण्याच्या आधीचं नुकसान तुमचं. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम तसाच होता. म्हणून कोणाचे गेले तर सकाळ होण्याची वाट पाहू नका, लाजू नका, पहिल्या तासात १९३० लावा.

मावसभाऊ घरी आला तेव्हा त्याने आधी नेटची वायर काढली. एनीडेस्कमधे त्या माणसाने स्वतःचा पासवर्ड ठेवून दिला होता, म्हणजे मी झोपलो असतानाही तो आत येऊ शकला असता. विकत घेतलेला 'अँटिव्हायरस' म्हणजे नेटवर फुकट मिळणारा एक क्लीनर निघाला. टॅलीचा बॅकअप पेनड्राईव्हवर घेऊन कॉम्प्युटर फॉरमॅट केला, सगळे पासवर्ड मोबाईलवरून बदलले.

आणि मी जे शोधायला बसलो होतो ते आधीपासून घरात होतं हो. विंडोज १० मधे डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आतच असतो, व्हायरसची नवीन ओळख त्याला ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. विंडोजचे सिक्युरिटी अपडेट पण मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने साइन इन करून, सेटिंगचा बॅकअप चालू करून विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी केली की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फुकट मिळतात. वेगळा अँटिव्हायरस घ्यायचाच असेल तर ओळखीच्या दुकानातून बिलासकट घ्या, आणि एकच ठेवा, दोन टाकले की एकमेकांना अडवतात. निळी स्क्रीन आली तर फोनला हात लावू नका, एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर कंट्रोल, आल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, तेही जमलं नाही तर सरळ पॉवरचं बटण दाबून धरा. काही होत नाही. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

मागच्या आठवड्यात परत फोन आला. वेगळा नंबर, ह्या वेळी बाई. म्हणे आमची कंपनी बंद होतेय, तुमचे १४,९९९ परत करायचे आहेत, फक्त एनीडेस्क चालू करा. रक्कम अगदी बरोबर, माझं नाव बरोबर. ज्यांचे एकदा गेले त्यांची यादी ह्यांच्याकडे असते, तुमचे गेले असतील तर हा दुसरा फोन तुम्हालाही येईल. मी फोन ठेवला आणि तो नंबर पोलिसांना दिला. अण्णा शेजारी खाटेवर बसले होते, रिफंड शब्द त्यांच्या कानावर गेला होता. म्हणाले, "आपला पैसा दी ऱ्हायनात का त्या?" त्यांना नाही म्हणून सांगावं लागलं.