घारापुरी की जंजिरा? एका दिवसाचा आणि एका मुक्कामाचा हिशोब

सुट्ट्या जवळ आल्या की घरात आणि ओळखीपाळखीत हा प्रश्न हमखास निघतो: होडीत बसायचंय, बेटावर जायचंय, काहीतरी जुनं बघायचंय, तर घारापुरीच्या (एलिफंटाच्या) लेण्यांना जाऊ की मुरूडजवळच्या जंजिरा किल्ल्याला? दोन्ही रायगड जिल्ह्यात, दोन्हीकडे पाण्यातूनच जायचं, त्यामुळे लोक एकाऐवजी दुसरं चालेल असं धरून चालतात. मी दोन्हीकडे अनेकदा गेले आहे, म्हाताऱ्या आईला घेऊन आणि भाचरांना घेऊनही. माझं मत आधीच सांगते. हातात एकच दिवस असेल तर घारापुरी. जंजिरा बघायचा तर मुरूडला मुक्काम टाकूनच.

यामागचं कारण अंतर एवढंच नाही. मुंबईहून पहाटे निघून जंजिरा बघून रात्री घरी परतणारे लोक आहेत. पण त्यात आठ-दहा तास गाडीत जातात आणि किल्ल्यात साधारण पाऊण तास मिळतो, कारण होडीवाले तेवढाच वेळ देतात. माझ्या पहिल्या खेपेला आम्ही वरच्या तळ्याशी नुकते पोचलो होतो, तेवढ्यात खालून हाका सुरू झाल्या. पश्चिमेकडचा तट, दर्या दरवाजा, सगळं राहून गेलं. घारापुरीला तसं नाही. लाँचने उतरवलं की शेवटची लाँच सुटेपर्यंत वेळ तुमचा. बेटावर किती वेळ स्वतःच्या मर्जीने काढता येतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

घारापुरीचा दिवस सोपा आहे. गेटवेवरून सकाळी नऊच्या सुमाराला लाँच सुटायला लागतात आणि तासाभरात बेट येतं. पहिली किंवा दुसरी लाँच धरा. अकरानंतर गर्दी वाढते, मग लेण्यात माणसांचे आवाज घुमतात आणि काहीच नीट बघून होत नाही. सोमवारी लेणी बंद असतात. हे मी दरवेळी सगळ्यांना बजावते, कारण सोमवारी गेटवेवर बॅगा घेऊन हिरमुसलेली कुटुंबं मी स्वतः पाहिली आहेत. लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं, ग्रामपंचायतीचा कर वेगळा. थोडे सुटे पैसे जवळ असू द्या.

धक्का लांब आहे. तिथून पायऱ्यांपर्यंत छोटी आगगाडी जाते, मुलांना तिचंच जास्त अप्रूप. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना दुकानं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते. आईला मी डोलीतूनच नेलं आणि तिने वर पोचल्यावर पहिल्या लेण्यात निवांत तासभर काढला. माकडांची मात्र खबरदारी घ्या. हातात बाटली किंवा वेफर्सचं पाकीट दिसलं की ती झडप घालतातच.

पहिलं लेणं म्हणजेच घारापुरी, असं म्हटलं तरी चालेल. सहाव्या शतकाच्या सुमाराचं हे काम, १९८७ पासून जागतिक वारसा यादीत. आत शिरल्यावर लगेच पुढे धावू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन मिनिटं लागतात आणि मग दक्षिणेच्या भिंतीतून ते तीन चेहरे हळूहळू पुढे येतात. साडेपाच मीटरच्या आसपास उंचीचं शिल्प. सगळे त्याला त्रिमूर्ती म्हणतात, पण ते ब्रह्मा-विष्णू-महेश नाहीत, तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. आपल्या डाव्या हाताचं मुख उग्र, मिशा असलेलं, हातात साप. उजव्या हाताचं कोवळं, हातात कमळ. मधलं डोळे मिटलेलं. एकदा डाव्या टोकाला उभं राहून बघा, मग उजव्या टोकाला जाऊन बघा. खालच्या ओठाची ठेवण दोन्हीकडे किती वेगळी आहे ते तेव्हा कळतं. शेजारच्या अर्धनारीश्वरासमोर आणि गंगाधरासमोरही असंच थांबावं. बऱ्याच मूर्तींचे पाय आणि हात फुटलेले आहेत, तरी उरलंय ते अफाट आहे. बाकीची लेणी भरभर झाली तरी हरकत नाही. पाय शाबूत असतील तर तोफांच्या टेकडीवर जा, बंदराचा सगळा पसारा तिथून दिसतो.

घारापुरीवर रात्री राहायचा बेत मात्र मनातून काढून टाका. पर्यटकांना तिथे मुक्काम करता येत नाही. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्यांमध्ये गावकरी राहतात. समोर मुंबई रात्रभर झगमगत असताना या वस्त्यांना समुद्राखालून केबल टाकून वीज मिळाली ती २०१८ साली. धक्क्यावर मक्याचं कणीस विकणाऱ्या मावशींशी दोन शब्द बोला, त्या दिवसांबद्दल त्या भरभरून सांगतात.

आता जंजिरा. मुरूडला जायला रेवदंडा-काशीद हा किनाऱ्याचा रस्ता घ्या. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने गाडीसकट गेलात तर पनवेल-पेणचा त्रास वाचतो. नाहीतर एसटी आहेच. दुपारपर्यंत मुरूड गाठायचं. खाणावळीत जेवण आधी फोन करून सांगून ठेवायचं, कारण चांगल्या घरगुती ठिकाणी माणसं मोजूनच मासळी आणतात. संध्याकाळी खोकरीचे घुमट बघून घ्या. जंजिऱ्यावर राज्य करणाऱ्या सिद्दी घराण्याच्या या दगडी कबरी, किल्ल्याच्या होड्या जिथून सुटतात त्या राजपुरीच्या जवळच आहेत आणि तिथे बहुधा कुणीच नसतं.

मुक्कामाचं खरं सार्थक दुसऱ्या दिवशी सकाळी. राजपुरीच्या धक्क्यावर पहिल्या होडीला हजर राहा. शिडाची होडी असेल तर फारच छान. किल्ला समोर दिसत असतो, पण दरवाजा कुठे आहे ते अगदी बुरुजाखाली जाईपर्यंत कळत नाही. दाराशी कोरलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, पंजाखाली हत्ती दाबून उभा आहे, तो चुकवू नका. आत कलालबांगडी तोफ, सुरूलखानाच्या वाड्याच्या पडक्या भिंती, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची दोन तळी. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून वाट करायचा प्रयत्न केला, तरी हा किल्ला हाती आला नाही. तटावर उभं राहून पद्मदुर्गाकडे पाहिलं की ती इरेची लढाई डोळ्यांपुढे उभी राहते. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत इथे सिद्दींचाच अंमल होता. सकाळी गर्दी नसते, तेव्हा होडीवाल्याशी आधीच बोलून तास-दीड तास ठरवता येतो. शनिवारी-रविवारी दुपारी हे जमणं कठीण.

म्हातारी माणसं बरोबर असतील तर जंजिऱ्याला नेताना दहादा विचार करा. होडी दरवाजाच्या पायऱ्यांशी लागते तेव्हा ती लाटेवर वरखाली होत असते, आणि नेमक्या क्षणी पाय टाकावा लागतो. ओहोटीला खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. होडीवाले हात देतात, तरी माझ्या आईला मी तिथे नेलं नाही. ती किनाऱ्यावरून किल्ला बघत बसली, आणि मुक्काम असल्यामुळे तिचा दिवस वाया गेला नाही. घारापुरीला लाँचमधून धक्क्यावर उतरणं त्यामानाने सोपं.

लाईफ जॅकेट दोन्हीकडे मागून घ्या आणि अंगात घाला, मांडीवर ठेवू नका. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्याच वाटेवर नीलकमल बोटीच्या अपघातात माणसं गेली. मुलांच्या मापाचं जॅकेट वेगळं मागावं लागतं, ते मिळेपर्यंत बसू नका.

पावसाळ्यात जंजिरा बंदच. घारापुरीच्या लाँच समुद्र खवळला की थांबतात, तेव्हा जून ते ऑगस्ट दोन्ही बेत न केलेले बरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम.

मुरूडला जाता-येता अलिबागचा कुलाबा किल्लाही करावा. तिथे ओहोटीला चालत जाता येतं. किनाऱ्यावरची माणसं भरतीचा हिशोब तिथीवर करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दुपारी भरती असते, तेव्हा भरदुपारी चालत जायचं मनातही आणू नका. हा ढोबळ हिशोब झाला. पाण्यात पाऊल टाकायच्या आधी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला विचारा, पाणी कधी चढायला लागेल ते तो अचूक सांगतो.