टीएनसीच्या खोक्यात जुना मोडेम, आणि माझे ३९,८४९ रुपये

एकूण ३९,८४९ रुपये. नऊ दिवसांत, चार वेळा, आणि चारही वेळा यूपीआयचा पिन मी माझ्याच हाताने टाकला. बायकोला यातले दहा हजार माहीत आहेत. पूर्ण आकडा मी आज पहिल्यांदा लिहून काढतोय. लाज वाटते, पण हा माणूस हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, लोकांच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर अजून फिरतोय, म्हणून लिहितोय.

मी व्हीयू३, म्हणजे माझं कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव) व्हीयू३ ने सुरू होतं, हॅमचा सुरुवातीचा, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना. या नादाला लागलो ते २०१९ च्या पुरामुळे. बहीण सांगलीला असते. त्या ऑगस्टमध्ये तिचा फोन लागेना, भावजींचा लागेना, आणि पाणी कुठवर आलंय ते आम्ही टीव्हीवर बघत बसलो होतो. पुढे परीक्षा दिली, परवाना आला. पण आवाजावर नावं आणि औषधं सांगताना किती गोंधळ होतो, ते एका सरावात बघितलं. एका गोळीचं नाव तीन स्टेशनांतून जाऊन भलतंच झालं. पॅकेटमध्ये, म्हणजे रेडिओवरून लिखित मजकूर पाठवण्याच्या पद्धतीत, तसं होत नाही. मजकुराचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यासोबत तपासणीचा आकडा जातो, आणि कनेक्ट करून पाठवत असाल तर बिघडलेला तुकडा समोरचं स्टेशन घेतच नाही, तो पुन्हा पाठवावा लागतो. वेग १२०० बॉड. आजच्या हिशेबाने मुंगीच्या पावलांचा, पण गोळीचं नाव अचूक पोचवायला पुष्कळ. मला ते माझ्या गावात उभं करायचं होतं.

त्यासाठी टीएनसी हवा, असं मी धरून बसलो. म्हणजे रेडिओ आणि कॉम्प्युटर यांच्यामधला डबा: अक्षरांचे १२०० आणि २२०० हर्ट्झचे सूर करतो, पीटीटी (रेडिओचं पाठवण्याचं बटण) दाबतो, आलेले सूर पुन्हा अक्षरं करतो. नवा मागवायचा तर परदेशातून, वर आयातीची कटकट. जुना कोणी विकत नाही. आणि नेमका ३ ऑगस्टला ग्रुपवर फोटो आला: कँट्रॉनिक्सचा केपीसी-३ प्लस टीएनसी, दोन मीटर बँडचा मोबाइल रिग (गाडीत बसवायचा रेडिओ), ट्रान्सफॉर्मरवाला २० अँपिअरचा पॉवर सप्लाय. सगळं मिळून ३२,०००. खाली एक व्हीयू२ कॉलसाइन आणि ‘सायलेंट की इस्टेट’, म्हणजे वारलेल्या हॅमचं सामान.

मी लगेच फोन केला. बोलणारा तरुण होता. ‘दादा, कॉलसाइन बाबांचं. सहा महिन्यांपूर्वी गेले. ते सामान दिसलं की आईला रडू येतं. भंगारात टाकायचं नाही, वापरणाऱ्याच्या हातात जावं एवढीच इच्छा.’ यावर कोण घासाघीस करेल? मी केली नाही. कॉलसाइन यादीत शोधलं तर खरं निघालं. माझ्या लेखी तिथे पडताळणी झाली. कॉलसाइन खरं असणं आणि बोलणारा त्या घरातला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळायला हवं होतं.

४ तारखेला १०,००० आगाऊ पाठवले. पाठवण्याआधी मी चालू टीएनसीचा व्हिडिओ मागितला होता, म्हणजे मी अगदी डोळे मिटून पैसे दिले असं कोणी म्हणू नये. व्हिडिओ आला, १ मिनिट ५० सेकंदांचा. आता त्या व्हिडिओबद्दल लिहितो, कारण माझी झोप त्यानेच उडवली आहे.

टेबलावर टीएनसी, शेजारी लॅपटॉप. रेडिओतून तो ‘ब्रर्र’ आवाज येतो, डब्यावरचा रिसीव्हचा दिवा लुकलुकतो, आणि स्क्रीनवर ओळी सरकतात. मी तो व्हिडिओ पाच-सहा वेळा पाहिला. दिवा पाहिला, ओळी सरकताना पाहिल्या, खूश झालो. त्या ओळी वाचल्या मात्र नाहीत. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पाठवणाऱ्या स्टेशनचं कॉलसाइन असतं. त्यातलं एकही व्हीयूने सुरू होत नव्हतं. एक के, मग डब्ल्यू, मग एन, परत डब्ल्यू. अमेरिकेची स्टेशनं! दोन मीटरवर साध्या अँटेनाने पन्नास किलोमीटरवरचं ऐकू आलं तरी आपण डायरीत लिहून ठेवतो. आणि हा म्हणे नागपूरच्या घरात बसून एका मिनिटात अमेरिकेची आठ स्टेशनं ऐकतोय. कोणत्या देशाचं कॉलसाइन कशाने सुरू होतं, हे परीक्षेसाठी पाठ केलेला माणूस आहे मी. भिंतीवरचा सॉकेटसुद्धा दोन चपट्या पट्ट्यांचा होता. कुणाचा तरी इंटरनेटवरचा व्हिडिओ कापून पाठवला होता, आणि पुरावा माझ्या हातातल्या फोनवर पाच-सहा वेळा चालला.

खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा बघताना एक डब्ल्यू डोळ्यांना खटकला होता. एपीआरएसचा (पॅकेटवरून स्टेशनांची ठिकाणं कळवण्याच्या पद्धतीचा) डेटा इंटरनेटवरूनही येतो, तसलं काहीतरी त्याने जोडलं असेल, अशी मीच माझी समजूत घातली. त्याला विचारलंसुद्धा नाही. वडील गेलेल्या मुलाची काय उलटतपासणी घ्यायची, असं वाटलं.

म्हणून सांगतो, आयता व्हिडिओ घेऊ नका. व्हिडिओ कॉल लावा आणि समोरच्याला ‘मायकॉल’ कमांडने तुमचं कॉलसाइन त्या टीएनसीत टाकायला सांगा. तुमचं कॉलसाइन स्क्रीनवर दिसलं तरच डबा त्याच्या हातात आहे.

७ तारखेला कुरियरच्या डॉकेटचा फोटो आला आणि मी उरलेले २२,००० पाठवले. डॉकेटवर वजन छापलं होतं: १.१५० किलो. २० अँपिअरचा ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय तुमच्यापैकी ज्यांनी उचललाय त्यांना माहीत आहे, एका हाताने धरला तर मनगट वाकतं. त्यात रिग, त्यात टीएनसी. आणि सगळं मिळून सव्वा किलोही नाही? मी डॉकेटचा नंबर वाचला, ट्रॅकिंगला टाकला, पार्सल निघालेलं दिसलं, पैसे सोडले. वजनाचा रकाना नंबरच्या बरोबर खाली होता.

१० तारखेला विम्याचे २,८५०, ‘डिलिव्हरीला परत मिळतील’ म्हणून. १२ तारखेला त्याचा घाबरा फोन: पार्सल स्कॅनिंगमध्ये अडकलंय, वायरलेसचं सामान आहे, परवाना हस्तांतरणाचं शुल्क भरल्याशिवाय सोडत नाहीत. सोबत राजमुद्रेचं पत्र. ४,९९९ रुपये, तेही एका खासगी यूपीआय आयडीवर. माझ्या स्वतःच्या परवान्याचा अर्ज सरकारच्या सरल संचार पोर्टलवर केलेला, पैसेही तिथेच भरलेले. सरकारी शुल्क कुणाच्या मोबाइल नंबरवर जात नाही, हे मला ठाऊक होतं. पण तोवर ३४,८५० अडकले होते. पाच हजारांसाठी ते सोडायचे का, असा हिशेब डोक्यात होता. फसवणारे याच हिशेबावर जगतात. दुसरी मागणी आली की पहिले पैसे गेले असं समजा आणि तिथेच थांबा.

१६ तारखेला पार्सल आलं. बायको शेजारी उभी होती. वर वर्तमानपत्रांचे बोळे, मग बबल रॅप, मग लँडलाइनच्या ब्रॉडबँडचा जुना मोडेम. कंपनीचं स्टिकर खरवडलेलं, त्याचा चिकट डाग तसाच, त्यावर धूळ बसलेली. वर पांढरी चिठ्ठी, तिच्यावर मार्करने ‘टीएनसी’. आणि एक लॅपटॉपचा चार्जर, वायर तुटलेली. बायकोने विचारलं, ‘हेच का ते?’ मी म्हणालो, चुकून दुसरं आलंय, बदलून देतील. फोन लावला. बंद.

आता पुढचं, ज्याने माझा जास्त संताप झाला.

१७ तारखेला १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, सायबर तक्रारीच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे गोठवता येतात. माझे पहिले पैसे जाऊन तेरा दिवस झाले होते. शंका येताच त्याच तासाला फोन करा. पार्सलची वाट बघत बसू नका, ती वाट बघण्यासाठीच ते पार्सल पाठवतात.

पोचक्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. दोन तास बाकावर बसवलं. मग पहिला प्रश्न: ‘पार्सल मिळालं ना?’ मिळालं म्हटल्यावर साहेबांनी पेन खाली ठेवलं. ‘मग हा तुमचा दिवाणी मामला. ग्राहक मंचात जा.’ मी मोडेम टेबलावर ठेवला. तो उलटसुलट करून बघत म्हणाले, ‘चालतोय का बघितलं का?’ मी रेडिओ म्हणालो, तर ‘वॉकीटॉकी? कशाला हवी तुम्हाला?’ तिथून विषयच बदलला. परवाना दाखवा, झेरॉक्स द्या, घरी अजून किती सेट आहेत, कोणाशी बोलता. फसवला गेलेला मी, आणि जबाब माझाच चालू! परवाना आणि ओळखपत्र सोबत होतं म्हणून बरं. हॅम असाल तर मूळ परवाना घेतल्याशिवाय या कामासाठी ठाण्याची पायरी चढू नका.

दुसऱ्या खेपेला सांगितलं, सायबरवाल्यांकडे जा. एक दिवसाची रजा टाकून जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. तिथे म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच नोंदवा. तिसऱ्या खेपेला ठाण्यात: आरोपी नागपूरचा, गुन्हा तिकडचा. चौथ्या खेपेला मी वाचून गेलो होतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते. फसवणुकीला न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. बत्तीस हजारांच्या सामानाऐवजी भंगार पाठवणं ही फसवणूक नसेल तर फसवणूक म्हणायचं कशाला? यावर ‘वकील आहात का?’ असं विचारलं आणि एका कागदावर साधा अर्ज घेतला. शिक्का मी मागून घेतला. एफआयआर आजपर्यंत नाही.

बँकेचं उत्तर तर ईमेलच्या दोन ओळींचं: व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केलेला आहे, बँक जबाबदार नाही. पैसे परत द्या असं मी म्हटलंच नव्हतं. समोरच्या खात्याची माहिती पोलिसांना द्या, खातं रोखायला कळवा, एवढंच मागितलं होतं. त्याबद्दल एक अक्षर नाही. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केलाय. त्यासाठी आधी बँकेकडे लेखी तक्रार लागते. उत्तर पटलं नाही, किंवा तीस दिवसांत आलंच नाही, तर पुढे जाता येतं. शाखेत तोंडी बोलून आलात तर हातात काही राहत नाही.

सप्टेंबरमध्ये आमच्या गावातल्या जुन्या व्हीयू२ काकांना सगळं सांगितलं. आधी का नाही सांगितलं? कारण पॅकेटचं नाव काढलं की ते म्हणायचे, आता कोण करतं ते. मला डबा आणून, चालवून दाखवायचा होता. काका रागावले नाहीत, त्यानेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, ‘अरे, लॅपटॉप आहे ना तुझ्याकडे? मग डबा कशाला हवा होता?’

खरंच नको होता. डायरवुल्फ नावाचा फुकट सॉफ्टवेअर आहे, टीएनसीचं सगळं काम तो साउंडकार्डवर करतो. हँडसेटच्या स्पीकर जॅकमधून लॅपटॉपच्या माइकला वायर, १८० रुपयांची. आवाज कमी ठेवायचा, नाहीतर सूर फाटतात आणि काही उमटत नाही. १४५.८२५ मेगाहर्ट्झवर अंतराळ स्थानकाचं पॅकेट चालू असलं की ते डोक्यावरून जाताना स्क्रीनवर आरएस०आयएसएस हे त्याचं कॉलसाइन उमटतं. मी काकांच्या गच्चीवर उभं राहून ते पाहिलं. शिकायची सुरुवात ऐकण्यापासून करा. पाठवायला पीटीटीची छोटी जोडणी लागते, ती नंतर. जो कोणी तुम्हाला सांगेल की टीएनसीशिवाय पॅकेट सुरूच होत नाही, त्याला काहीतरी विकायचं आहे.

मग काकांनी सकाळच्या चाळीस मीटरच्या नेटवर, म्हणजे ठरलेल्या वेळी हॅम रेडिओवर एकत्र जमतात तिथे, ते कॉलसाइन उच्चारून विचारलं, यांच्या घरच्यांना कोणी ओळखतं का. पलीकडून एकाने सांगितलं, ओळखतो, निरोप देतो. दुसऱ्या दिवशी मी काकांच्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, बसलो होतो. नेट सुरू झालं, खरखरीतून एक म्हातारा, सावकाश आवाज आला आणि त्याने तेच कॉलसाइन स्वतःचं म्हणून सांगितलं. ते गृहस्थ जिवंत आहेत, दुसऱ्या राज्यात राहतात. त्यांच्याकडे टीएनसी कधीच नव्हता. ज्यांच्यासाठी मला वाईट वाटलं, ज्यांच्या नावावर मी घासाघीस केली नाही, ते सगळ्यांना सिग्नल रिपोर्ट देत होते. हा प्रश्न मी ३ ऑगस्टला विचारला असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

त्यांनी तिथल्या पोलिसांत त्यांच्याकडून तक्रार दिली आहे. नेटवर आणखी एक जण निघाले, त्यांचे १०,००० गेलेत, गोष्ट तीच, फक्त वडिलांच्या जागी काका. ज्यांना हा फोटो आला असेल त्यांनी ओळख लक्षात ठेवा: निळ्या चौकटींचा टेबलक्लॉथ, डब्याच्या डाव्या कोपऱ्यावर आडवा ओरखडा, मागे अर्धा दिसणारा पांढरा कप. पैसे गेले असतील तर चॅट उडवू नका, व्यवहाराचे क्रमांक, डॉकेट, खोकं, सगळं ठेवा, अगदी वर्तमानपत्राचे बोळेसुद्धा. माझ्या पार्सलमधल्या बोळ्यांवर दुसऱ्याच शहराची आवृत्ती आणि तारीख आहे. सोमवारी आम्हा तिघांच्या तक्रारींच्या प्रती एकत्र लावून मी पाचव्यांदा ठाण्यात जाणार आहे.