भीमगीतं: कॅसेटवरची आणि यूट्यूबवरची

कॅसेटच्या काळात भीमगीतांचा बाजार १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरभोवती फिरायचा. दादरला चैत्यभूमीकडे जाताना किंवा नागपुरात दीक्षाभूमीबाहेर स्टॉलवर मोठ्यानं गाणं लागलेलं असायचं, लोक थांबून ऐकायचे आणि कॅसेट घेऊन जायचे. प्रल्हाद शिंदेंच्या आवाजासाठी घेतलेल्या फितीवरची अनोळखी गाणीही कानावर पडायची, कारण फीत पुढे सरकवणं कटकटीचं होतं. पण कॅसेट कुणाची काढायची, हे कंपनी ठरवायची.

यूट्यूबनं ती अट काढून टाकली. वस्तीतली मुलगी मोबाइलवर गाते आणि त्याच रात्री ते गाणं दुबईत ऐकलं जातं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

पैशाचं मात्र अवघड आहे. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा हवा तर आधी १,००० सबस्क्रायबर लागतात, शिवाय मोठ्या व्हिडिओंसाठी वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणंही. स्पॉटिफायवर तर १२ महिन्यांत १,००० वेळाही न वाजलेल्या गाण्याला २०२४पासून रॉयल्टीच नाही.

आणि गीतकार? कॅसेटच्या कव्हरवर वामनदादा कर्डकांचं नाव वाचता यायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या तुकड्यावर ते शोधूनही सापडत नाही.