ई-रीडरचे सात महिने आणि मे महिन्याचं वाचन

दिवाळीत घेतलेला सहा इंची ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, एप्रिलपर्यंत मी अधूनमधूनच उघडत होते. खरा कस लागला तो मे महिन्यात, म्हणून अनुभव आत्ता लिहितेय.

रोजचा प्रवास मुंबईच्या लोकलने, बोरिवली ते चर्चगेट. मे महिन्यात शाळांना सुट्टी, निम्मी सोसायटी गावाला गेलेली, त्यामुळे लेडीज डब्यात चौथी सीट (तिघींच्या बाकावर चौथीची जागा) तरी मिळायची. मी मुद्दाम धीमी लोकल पकडायचे. जाऊन-येऊन दोन तास निवांत. महिनाभरात पाच पुस्तकं वाचून झाली. त्याआधीच्या अख्ख्या वर्षात दोन झाली होती. फोनवरही वाचून पाहिलं होतं, पण मेसेज आला की बोट तिकडे वळतंच. इथे वाचण्याखेरीज दुसरं काही करता येत नाही, आणि मला हेच हवं होतं.

पडदा ई-इंकचा. त्यात काळे-पांढरे सूक्ष्म कण असतात, विजेच्या भाराने ते वर-खाली होतात आणि एकदा जागेवर बसले की तिथेच राहतात. वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना. आतला दिवा मंद ठेवून मला एक चार्जिंग दोन आठवडे पुरलं. संध्याकाळी परतताना खिडकीतून थेट ऊन पडायचं, तरी अक्षरं स्पष्ट दिसायची. कधी आधीच्या पानाची पुसट सावली मागे राहते, पण तिची सवय होते.

मराठीच्या बाबतीत मात्र पूर्ण समाधान नाही. नीट तयार केलेलं ईपब (अक्षर लहान-मोठं करता येणारी ई-पुस्तकाची फाइल) असेल तर जोडाक्षरं, रफार, वेलांट्या सगळं जागच्या जागी. जुनी पुस्तकं बहुतेक स्कॅन केलेल्या पीडीएफमध्येच मिळतात, आणि तिथे पानाचं नुसतं चित्र असतं. टाइप वाढवता येत नाही, अख्खं पान सहा इंचांत आक्रसतं. यंत्र आडवं धरून अर्धं-अर्धं पान वाचलं, पण मान आणि डोळे दोन्ही दुखले. माझ्या यंत्रात मराठी शब्दकोशही नाही, त्यामुळे अडलेला शब्द वहीत टिपून ठेवावा लागतो.

याचं वाईट वाटतं, कारण आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. हरि नारायण आपटे १९१९ साली गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली, साने गुरुजी १९५० साली. यांचं लेखन आता कुणालाही नव्याने टाइप करून, मुद्रितशोधन करून मोकळेपणाने देता येतं. जिथे कुणी ते कष्ट घेतलेत, तिथे वाचताना मनापासून आभार मानावेसे वाटतात.

लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ असंच नीट केलेलं मिळालं आणि ते मी आईला लावून दिलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही बारीक टाइप तिला झेपत नाही. भिंग धरून मथळे वाचायची आणि पेपर ठेवून द्यायची. मी अक्षर इतकं मोठं केलं की पानावर जेमतेम आठ ओळी राहिल्या. पहिल्या दिवशी ती पान उलटायला घाबरत होती, चुकून काही पुसलं जाईल म्हणून. चौथ्या दिवशी मी घरी आले तर दिवे लागायची वेळ झालेली आणि ती अजून खिडकीपाशी वाचतेय. म्हणाली, “अगं, लक्ष्मीबाई समोर बसून बोलतायत असं वाटतं.” कित्येक वर्षांनी तिने पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. रात्री जेवताना आम्ही दोघी त्यावरच बोलत बसायचो.

मग वीस मेपासून यंत्र घरीच ठेवून जायला लागले, कारण तिची वाचनाची वेळ दुपारची. गाडीत मी वाचनालयाची कागदी पुस्तकं नेते, पावसामुळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. पुढच्या महिन्यात दुसरा ई-रीडर घेणार आहे, मोठ्या पडद्याचा, जुन्या स्कॅनसाठी. हा सहा इंची आईकडेच राहील. तिने आतापासूनच हरिभाऊ आपटे मागितलेत.