फ्रीकॅडवर रॉकेटची बॉडी : आठ महिने वापरल्यानंतर

२५ जानेवारीला संध्याकाळी टोपी बाटलीवर बसेना, आणि हे लिहायचं तेव्हाच ठरलं. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर मैदानावर आमच्या शाळेच्या पोरांचं पाण्याचं रॉकेट (बाटलीत थोडं पाणी आणि वर पंपाने दाबून भरलेली हवा) उडायचं होतं. जुनी दोन लिटरची बाटली सरावात चेपली म्हणून कुणीतरी घरून दुसरी आणली, ती दुसऱ्या कंपनीची. दिसायला सारखीच, पण घेर वेगळा. महिनाभर जपलेली नाकाची टोपी (नोज कोनला पोरं टोपीच म्हणतात) तिच्यावर जाईना.

कागदाची पट्टी गुंडाळली, टोक जिथे भेटलं तिथे पेनाने खूण केली, पट्टी सरळ करून फूटपट्टीवर मोजली. ३४५ मिलिमीटर. जुन्या बाटलीचा घेर ३३६ होता. लॅपटॉप उघडला, फ्रीकॅड या वस्तूंचे त्रिमितीय आराखडे काढायच्या फुकट सॉफ्टवेअरच्या स्प्रेडशीटमध्ये (आकड्यांच्या तक्त्यात) बी२ या चौकटीत ३३६ पुसून ३४५ लिहिलं आणि एंटर दाबलं. टोपीचा बाहेरचा व्यास ११० वरून ११२.८ झाला, लांबी १६५ वरून १६९.२, तिच्या बाजूच्या कमानीची त्रिज्या २७५ वरून २८२. दुसरं काहीच हलवावं लागलं नाही. फाइल सात वाजता थ्रीडी छपाईला पाठवली, सकाळी साडेसहाला नवी टोपी हातात होती. जीव भांड्यात पडला.

म्हणून आज मी या सॉफ्टवेअरबद्दल चांगलं लिहिते आहे. ऑगस्टमध्ये लिहिलं असतं तर कुणी डाउनलोडच करू नका म्हटलं असतं.

जूनमध्ये सुरुवात केली तेव्हा मी सरळ टोपीचं चित्र काढायला बसले. स्केच काढा, मापं द्या, रिव्हॉल्व्ह करून फिरवा, आतून पोकळ करा, एवढं दोन संध्याकाळीत जमलं. बाटलीच्या खालच्या टोकाला बसणाऱ्या कड्यावरचे फिन (रॉकेटचे पंख) बसवताना मात्र हात टेकले. फिनचं स्केच मी कड्याच्या पृष्ठभागावरच काढलं होतं. नंतर कड्याची एक धार गोल केली, आणि तिन्ही फिन भलतीकडेच जाऊन बसले. जुन्या आवृत्त्यांची ही खोड वापरणाऱ्यांना ठाऊक आहे: आकार बदलला की पृष्ठभागांचे आणि कडांचे अंतर्गत क्रमांक बदलतात आणि त्यांच्यावर टेकलेलं सगळं घसरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हा त्रास बराच कमी झाला, पण शाळेच्या संगणकांवर तेव्हा जुनीच होती. नव्याने शिकणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. १.० किंवा तिच्या पुढचीच आवृत्ती घ्यावी, आणि स्केच शक्यतो मूळ एक्सवाय-एक्सझेड प्रतलांवर काढावं, वस्तूच्या अंगावर नाही. धारा गोल करायचं काम सगळ्यात शेवटी.

दरम्यान मी दुसरीकडेही जाऊन आले. ठोकळे जोडायचं एक सोपं सॉफ्टवेअर पोरांना फार आवडलं, पहिल्या तासाला टोपी तयार. पण बाटली बदलली की सगळं हाताने ओढून पुन्हा बसवायचं. दुसरं एक चांगलं होतं, पण त्याची फुकट मुदत संपल्यावर पैसे मागायला लागलं. विज्ञान मंडळाकडे वर्षाला जेमतेम दोन हजार रुपये असतात. त्यातून बाटल्या, पंप, व्हॉल्व्ह आणि छपाई भागवायची. मी परत फ्रीकॅडवर आले ते प्रेमापोटी नाही, पैशापोटी.

आणि मग स्प्रेडशीट सापडलं.

हे एकच अंग या आठ महिन्यांत मी सगळ्यात जास्त वापरलं. चौकटीला स्वतःचं नाव देता येतं, म्हणजे अलियास. स्केचमध्ये माप भरताना बरोबरचं चिन्ह दाबलं की सूत्राची चौकट उघडते, तिथे आकड्याऐवजी स्प्रेडशीटचं नाव, मग टिंब आणि मग हे नाव लिहायचं. आमच्या तक्त्यात मोजून भरायचा आकडा एकच, बाटलीचा घेर. घेर भागिले पाय म्हणजे बाटलीचा व्यास. त्यात एकूण ०.६ मिलिमीटर मोकळीक आणि दोन्ही बाजूंची प्रत्येकी १.२ ची भिंत मिळवली की टोपीचा बाहेरचा व्यास. लांबी त्याच्या दीडपट. कमानीची त्रिज्या म्हणजे टोपीच्या त्रिज्येचा वर्ग अधिक लांबीचा वर्ग, भागिले त्रिज्येची दुप्पट. शेजारच्या रकान्यात प्रत्येक आकडा कशाचा ते मराठीत लिहून ठेवलंय. आठवीतल्या एका मुलीने ते वाचून विचारलं, "बाई, म्हणजे पुस्तकातलं पाय हेच का?" वर्गात इतकी वर्षं शिकवून जे होत नव्हतं ते इथे झालं.

तक्रार आहेच. नाव देण्याची सोय मला चौकटीच्या प्रॉपर्टीजमध्ये दडलेली सापडली, तीही दोन आठवड्यांनी. आणि डी१ असं नाव चालत नाही, कारण तो चौकटीचाच पत्ता असतो. मी सगळ्या व्यासांना डी१, डी२ नावं देत बसले होते. पूर्ण शब्दांची नावं द्या.

०.६ ची मोकळीक मात्र भांडणातून आली. पहिल्या टोपीला मी ०.२ ठेवली होती, छापून आली ती घट्ट. छपाईवाला म्हणाला, "मॅडम, फाइलमध्ये होतं तेच दिलंय." ते खरं होतं. पण फिनचं कडं त्याने आडवं ठेवून छापलं आणि आधारासाठी लागलेलं ३८ ग्रॅम प्लास्टिकही बिलात धरलं. उभं छापलं असतं तर आधार जवळजवळ लागलाच नसता. पाऊण तास वाद घालून मी पूर्ण पैसे दिले आणि तिथे पुन्हा गेले नाही. आता एका पालकांच्या घरी छापतो, फिलामेंट (छपाईची प्लास्टिकची तार) आमचं. कसं ठेवून छापायचं ते फाइलसोबत लिहून द्या, एवढंच सांगेन. आणि छपाईला द्यायच्या एसटीएल फाइलमध्ये एकक नसतं, तेव्हा "मिलिमीटर" हा शब्दही लिहा.

कडं मुद्दाम एका बाजूने चिरलेलं ठेवलंय, केबल टायने आवळतो, त्यामुळे नव्या बाटलीला जुनंच चाललं.

रॉकेट सरळ उडेल का, हे सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही. आम्ही टेकड्रॉमधून (फ्रीकॅडचा कागदावरची रेखाचित्रं काढायचा विभाग) रॉकेटचं बाजूचं रेखाचित्र निम्म्या मापात छापलं, पुठ्ठ्यावर चिकटवून कापलं आणि पट्टीच्या धारेवर तोललं. तो बिंदू म्हणजे हवेच्या दाबाचं अंदाजे केंद्र. मग रिकामं रॉकेट बोटावर तोललं. वजनाचा मध्य त्या बिंदूच्या पुढे, टोपीकडे, किमान एक व्यास हवा. आमचा अर्धाच होता. गणपतीतला उरलेला शाडू पिशवीत बांधून टोपीच्या शेंड्याला बसवला, तेव्हा जमलं.

छापलेला कुठलाही भाग दाब सोसायला वापरू नका. दाब फक्त बाटलीनेच झेलायचा. तिला भोक नको, गरम गोंदही नको, त्याने प्लास्टिक कमजोर होतं. आणि पीएलए (छपाईचं प्लास्टिक) उन्हात ठेवू नका, साठेक अंशांना ते मऊ पडतं. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडीत राहिलेल्या आमच्या एका फिनचं केळं झालं होतं.

२६ तारखेला ते उडालं, तिसऱ्या मजल्याच्या वर गेलं आणि कडुलिंबात अडकलं. टोपी शाबूत आहे. आता कुणीतरी सव्वादोन लिटरची बाटली आणलीय. पट्टी गुंडाळून खूण केलीय, उद्या तिसऱ्या तासाला मुलं बी२ भरतील.